नमते घेणाऱ्यांसाठी योगसाधना

कार्यालयात वरिष्ठांपुढे, घरात वडीलधाऱ्यांपुढे वा जोडीदारापुढे कायम नमते घेणाऱ्या व्यक्ती समजूतदार म्हणून नावाजल्या जातात. 'मला जमणार नाही' हे साधे वाक्य मात्र त्यांच्या ओठांवर येत नाही. गिळलेल्या नकाराचा ताण मग शरीरावर दिसू लागतो. खांदे आक्रसतात, जबडा आवळला जातो, श्वास उथळ होतो. अशा स्वभावाच्या व्यक्तींना योगाभ्यास उपकारक ठरू शकतो.

उपनगराचा वारसा

योग सर्वसामान्य गृहस्थांपर्यंत नेण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न मुंबईच्या उपनगरातच सुरू झाला. श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये अंधेरीलगतच्या वर्सोवा येथे 'द योग इन्स्टिट्यूट'ची स्थापना केली. ही संस्था आज सांताक्रूझ येथे कार्यरत आहे. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी खास स्त्रियांसाठी लिहिलेले योगविषयक पुस्तक १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतःसाठी अर्धा तास काढणेही ज्यांना अपराध वाटतो, त्यांच्यासाठी हा वारसा आजही मोलाचा आहे.

शरीर आणि मन

मिनिटाला सुमारे सहा, अशा संथ लयीतील श्वसनाने शरीराला विश्रांती देणारी परानुकंपी चेतासंस्था सक्रिय होते व हृदयाची गती मंदावते. भुजंगासनाने छाती खुलते आणि पाठीचे स्नायू बळकट होतात. वीरभद्रासनात पाय रोवून उभे राहण्याचा सराव होतो. शवासनात कुणाचीही मर्जी सांभाळावी लागत नाही.

तथापि चमत्काराची अपेक्षा नको. ऐटदार पवित्र्यात दोन मिनिटे राहिल्यास शरीरातील संप्रेरके बदलतात, असा दावा २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी केला होता. पुढील मोठ्या चाचण्यांत तो टिकला नाही. योगाचा खरा लाभ संथ आहे. पोटात पडणारा पिळ, घशाशी अडकलेला श्वास यांकडे लक्ष जाऊ लागते. मन 'हो' म्हणण्याची घाई करीत असताना शरीर 'नको' म्हणत आहे, हे वेळीच उमगते. त्यानंतरही नमते घेतले, तर ती सवय नसून निवड असते.

वर्गातही 'नको' म्हणा

येथे एक धोका संभवतो. आज्ञाधारक विद्यार्थी वेदना सोसूनही आसन ताणून धरतो आणि योगवर्ग हे दबून राहण्याचे आणखी एक ठिकाण बनते. पतंजलींनी आसन स्थिर आणि सुखद असावे असे म्हटले आहे; त्यांच्या यमांतील अहिंसा स्वतःच्या देहालाही लागू पडते. म्हणून दुखू लागताच थांबावे. शिक्षकांचा स्पर्श नको असल्यास तसे स्पष्ट सांगावे. डोळे मिटून अस्वस्थ वाटत असेल, तर ते उघडे ठेवावेत. उच्च रक्तदाब असलेल्यांनी श्वास रोखून धरू नये. नकाराचा पहिला धडा सतरंजीवरच गिरवता येतो.

मात्र नमते घेण्यामागे मारहाणीची वा धमकीची भीती असेल, तर आसने हा त्यावरील उपाय नव्हे. अशा वेळी महिलांनी १८१ या क्रमांकावर मदत मागावी. मानसिक आधारासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक सर्वांना उपलब्ध आहे.

प्रेमाने वाकणे आणि भयाने वाकणे यांत अंतर आहे. ते ओळखण्याची सवय योगसाधनेने लागते.