अमेरिकन यादवी युद्धातील व्यापारी टोकने : एक इतिहाससाधन

अमेरिकन यादवी युद्धात (१८६१-१८६५) लोकांनी नाणी साठवून ठेवल्यामुळे १८६२ पासून सुट्या पैशांची तीव्र टंचाई निर्माण झाली. ती भरून काढण्यासाठी व्यापाऱ्यांनी सेंटच्या आकाराची, बहुधा तांब्याची टोकने काढली. बहुसंख्य टोकनांवर १८६३ हे वर्ष आढळते.

या टोकनांचे दोन प्रमुख प्रकार होत. पहिल्यावर दुकानाचे नाव व गाव असे. दुसऱ्यावर केवळ देशभक्तिपर चिन्हे व घोषवाक्ये असत. हा भेद महत्त्वाचा आहे. टोकनाचे मूल्य मुख्यतः धातूत नसून ते परत स्वीकारले जाईल या विश्वासात होते. निनावी टोकनाबाबत मात्र जबाबदार कोणास धरावे, हेच कळत नसे. काहींवर 'वन सेंट' या ठळक शब्दांआधी बारीक अक्षरांत 'नॉट' असेही कोरलेले दिसते. अखेर १८६४ च्या कायद्यांनी खासगी नाणी निषिद्ध ठरविली व सरकारी कांस्य सेंट प्रचारात आला.

जॉर्ज व मेल्विन फुल्ड यांच्या सूचीत दुकानांची टोकने राज्य व गाव यांनुसार वर्गीकृत आहेत. संग्राहकाने टोकन घासून चकचकीत करू नये. झिजलेल्या अक्षरांबरोबर एखाद्या लहान दुकानाचा अवशिष्ट पुरावाही नष्ट होऊ शकतो.