मोझेल नदीकाठची मोटारघरे आणि तेथील बागाईतदार

गेल्या वैशाखात आमच्या पुतण्याने आमच्यापुढे एक योजना मांडली. वाईच्या वरच्या अंगास कृष्णाकाठी आमची सामाईक जमीन आहे. तिचा नदीलगतचा सव्वा एकराचा तुकडा मोटारघरे उभी करण्याकरिता तयार करावा, पुण्यामुंबईची मंडळी तेथे मुक्कामास येतील, असे त्याचे म्हणणे. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे आणि २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यांचे कागदही त्याने आणले होते. जन्मभर महसूल खात्यात कारकुनी केलेला मनुष्य कागद पाहून निरुत्तर होतो, असा त्याचा समज असावा. वास्तविक कागद जितका सुबक तितका आमचा संशय अधिक. आम्ही त्यास म्हटले, “बाळ, हा धंदा जेथे मुरलेला आहे तेथील शेतकऱ्यास विचारल्यावाचून मी सही करणार नाही.”

असे विचारण्याचा योग लवकरच आला. आमची कन्या व जावई जर्मनीत नोकरीनिमित्त राहतात. भाद्रपदाच्या अखेरीस आम्ही उभयता त्यांजकडे गेलो असता जावईबापूंनी एक मोटारघर आठ दिवसांच्या भाड्याने घेतले आणि मोझेल नदीच्या काठाने त्रिअर शहरापासून कोब्लेन्झपर्यंत आम्हांस हिंडविले. त्या प्रवासात शेतकऱ्याच्या उपयोगाचे जे दिसले ते वाचकांस सादर करीत आहो. किल्ले, देवळे व देखावे यांचे वर्णन इतरांनी पुष्कळ केले आहे.

प्रथम गाडीविषयी. बाहेरून पाहता ती लांबट मालमोटारच होय. आत निजण्याच्या जागा, घडीचे मेज, गॅसची शेगडी, शीतपेटी, सुमारे शंभर लिटर पाण्याची टाकी आणि लहानसे शौचकूप असते. शौचकुपाखालची पेटी बाहेरच्या बाजूने ओढून काढता येते. भांडी धुतलेले पाणी निराळ्या टाकीत साठते. साडेतीन टनांपर्यंतचे वाहन तेथे साध्या मोटारीच्या परवान्यावर चालविता येते. या देशात १९३१ साली देथलेफ्स नावाच्या गृहस्थाने आपल्या चित्रकार पत्नीस प्रवासात सोबत नेता यावे म्हणून मोटारीमागे ओढावयाचे पहिले घर बांधले, असे सांगतात. आमच्या कुटुंबास मात्र त्या शेगडीवर भाकरी नीट भाजता येईना, एवढी एक तक्रार शेवटपर्यंत राहिली.

मोझेल ही नदी फ्रान्सातील व्होज डोंगरात उगम पावते, काही अंतर जर्मनी व लक्झेंबर्ग यांची सरहद्द होते आणि कोब्लेन्झ येथे ऱ्हाईन नदीस मिळते. तिची लांबी सुमारे ५४५ किलोमीटर. त्रिअरपासून संगमापर्यंत ती इतकी वळणे घेते की, सरळ रेषेतील अंतराच्या जवळजवळ दुप्पट वाट तिला चालावी लागते. १९५६ च्या तिन्ही देशांच्या करारान्वये तीवर ठिकठिकाणी बंधारे व जलद्वारे बांधून १९६४ साली ती मोठ्या नौकांस खुली करण्यात आली. त्यामुळे पाणी तळ्यासारखे संथ दिसते. दोन्ही काठांनी सडक आहे, सडकेस लागून गाव, आणि गावाच्या पाठीशी एकदम उभा डोंगर. त्या डोंगरावर पाटीच्या काळ्या दगडाच्या कपच्यांत द्राक्षवेली, प्रत्येकीस स्वतंत्र खांब. दगड दिवसा तापतो व रात्री ऊब देतो. म्हणूनच इतक्या उत्तरेस रीझलिंग जातीचे द्राक्ष पिकते. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट नावाचा उतार तर काही जागी पासष्ट अंशांपर्यंत चढा आहे. तेथे बैल, नांगर वा ट्रॅक्टर यांची गोष्टच नको. एकरुळी दातेरी लोहमार्गावरून माणूस व ओझे वर जाते, आणि बाकीचे सर्व काम हातांनी.

दुसऱ्या रात्री आम्ही एका बागाईतदाराच्या अंगणामागे उतरलो. घराच्या पाठीमागे खडी पसरलेली, सहा गाड्यांपुरती जागा. भाडे रात्रीस बारा युरो. खांबावर विजेची पेटी. तीत नाणे टाकावे तेव्हा वीज सुरू होते. पिण्याच्या पाण्याचा नळ एका कोपऱ्यात आणि मैला व सांडपाणी ओतण्याचे तोंड दुसऱ्या कोपऱ्यात, गावच्या गटारास जोडलेले. या दोहोंमधील अंतर आम्ही पावलांनी मोजले, चाळीस भरली. घरधनी साठीचा, त्याची पत्नी हिशेब पाहणारी. कन्येच्या मध्यस्थीने आम्ही त्यास सरळच विचारले, “या गाड्यांवर आपले घर चालते काय?”

तो हसला व म्हणाला, “बारा युरोंत काय होते, आजोबा? वीज, पाणी, साफसफाई वजा जाता थोडेच उरते. पण ज्याच्यापाशी गाडी आहे त्याच्यापाशी पेट्या ठेवावयास जागाही आहे.” त्याचा खुलासा असा. पूर्वी त्याचा बाप पिंपे भरून मद्य घाऊक व्यापाऱ्यास देई व व्यापारी सांगेल तो भाव घेई. आता मुक्कामास आलेला मनुष्य संध्याकाळी अंगणात बसतो, चव पाहतो, सकाळी दोन-तीन पेट्या विकत घेतो आणि पुढे दरवर्षी पत्राने मागवितो. वर्षातून चार महिन्यांपर्यंत बागाईतदारास आपल्याच बागेचे मद्य व साधे जेवण, चाळीसांहून अधिक आसने न मांडता, विनापरवाना विकण्याची मुभा तेथे आहे. दारावर डहाळ्यांचा जुडगा टांगला की विक्री सुरू आहे असे समजावे. आम्ही मद्य घेत नाही. आम्हांस द्राक्षांचा ताजा रस मिळाला. तो फार उत्तम होता.

म्हणजे लाभ उतारूच्या भाड्यात नसून मधला अडत्या टळण्यात आहे. ज्याच्यापाशी दारात विकण्याजोगा स्वतःचा पक्का माल नाही, त्यास ही खडी पसरून फारसे साधणार नाही, हे त्या बारा युरोंच्या हिशेबातून उघड झाले.

पण चित्राची दुसरी बाजू त्याच माणसाने दुसऱ्या दिवशी दाखविली. त्याच्याबरोबर उतार चढताना आमचा दम दोनदा कोंडला. मध्येच काही पट्टे काटेरी झुडपांनी व्यापलेले दिसले. “हा माझाच,” तो म्हणाला, “आणि तो वरचाही. सात वर्षांपूर्वी सोडले.” तोडणीस पोलंड-रुमानियाहून मजूर येतात, परंतु वर्षभराची खांदणी, बांधणी व छाटणी कोण करणार? सपाट बागेत यंत्राने जे काम थोड्या तासांत होते त्यास येथे कित्येक पट वेळ लागतो, आणि बाजारात बाटलीचा भाव त्या प्रमाणात वाढत नाही. या खोऱ्यातील द्राक्षांचे क्षेत्र गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात बारा हजार हेक्टरांच्या वर होते; ते साडेआठ हजारांच्या आसपास उतरले आहे. मोटारघरांतून हिरव्या डोंगराचे कौतुक करणाऱ्यांपैकी हिरवळ वेलीची की रानाची, हे ओळखणारे थोडेच असावेत.

याच्या मुळाशी तुकड्यांचा जुना रोग आहे. फ्रेंचांच्या अमलात या प्रदेशात वारसांस समान वाटणीचा कायदा रुजला आणि पिढ्यानपिढ्या बागांच्या चिंध्या झाल्या. पुढे सरकारने तुकडेजोड करून वाटा काढल्या. आमच्याकडील १९४७ चा तुकडेबंदी व तुकडेजोड कायदा ज्यांनी कचेरीत राबविला, त्यांस हे सर्व ऐकताना परके मुळीच वाटणार नाही.

त्रिअर येथे आमच्या जुन्या पेशास साजेशी आणखी एक गोष्ट कळली. १८६८ साली प्रशियाच्या सारा खात्याच्या क्लॉटन नामक अधिकाऱ्याने या भागातील द्राक्षमळ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. जमीन-कराच्या आकारणीवरून प्रतवारी ठरवून उत्तम मळे गडद रंगाने दाखविले होते. जो नकाशा कर वसुलीच्या आकारणीतून निघाला, तोच आज बागाईतदार आपल्या मळ्याच्या जुन्या लौकिकाचा पुरावा म्हणून गिऱ्हाइकास दाखवितात! आकारणीचा असा उपकार आमच्या पाहण्यात दुसरा नाही. त्याच्या उलट प्रसंगही तेथलाच. १८३४ च्या जकात-संघामुळे दक्षिणेकडील स्वस्त मद्य आले व मोझेलचे बागाईतदार बुडाले. त्यांनी सूट मागितली, तेव्हा ज्या खात्याने आकारणी केली त्याच्याच अधिकाऱ्याचा अभिप्राय मागविण्यात आला; तो अर्थातच प्रतिकूल पडला. त्रिअरमध्येच जन्मलेल्या कार्ल मार्क्स याने १८४३ च्या जानेवारीत आपल्या वृत्तपत्रातून हा प्रकार चव्हाट्यावर आणला, आणि त्याच वर्षी ते पत्र बंद पाडण्यात आले. त्याच्या इतर मतांशी आम्हांस कर्तव्य नाही. पण हा लेख कोणत्याही मामलेदार कचेरीत वाचून दाखविण्याजोगा आहे.

नदीकाठच्या मोठ्या तळांवर मात्र आमचे मन रमले नाही. पन्नास-साठ गाड्या ओळीने उभ्या. कित्येक मंडळी शहरातूनच सर्व शिधा भरून आणतात, त्यामुळे गावच्या वाण्यास व पाववाल्यास फारसे काही मिळत नाही. तोडणीच्या दिवसांत अरुंद गल्लीत एका गाडीने द्राक्षांचा ट्रॅक्टर पाऊण तास अडवून धरलेला आम्ही पाहिला. चालवणारा शिव्या न देता स्वस्थ बसला होता, याचे नवल वाटले. शिवाय पूर. तळ हे नेमके पूरपट्ट्यातच असतात, आणि पाणी चढू लागले की रात्री-अपरात्री गाड्या हलवाव्या लागतात. कोखेम गावी घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा कोरल्या आहेत. १९९३ च्या डिसेंबरातील खूण आमच्या डोक्याच्या पुष्कळ वर होती. ती पाहताच आमच्या कृष्णाकाठच्या सव्वा एकराचा विचार मनात आला व आम्ही जावईबापूंस म्हटले, “झाले, हा तुकडा गेला.”

परत आल्यावर पुतण्यास बसवून घेतले आणि चार गोष्टी पुसल्या. पुराची रेषा कोठवर? मैल्याकरिता पक्की टाकी कोठे, व विहिरीपासून किती अंतरावर? तिसरी, बांधावरचा रस्ता सामाईक असताना शेजाऱ्यांची लेखी संमती आहे काय? आणि शेवटची, जी त्या बागाईतदाराने शिकविली: मुक्कामास आलेल्यास आपण विकणार काय? आपली हळद व इंद्रायणी तांदूळ आजवर अडत्यामार्फतच जातात.

पुतण्या थोडा वेळ गप्प बसला. नंतर म्हणाला, “काका, हळद दळून पुडीत भरली तर?” नदीकाठचा तुकडा त्याने सोडला आहे. वस्तीशेजारच्या जुन्या खळ्यात तीन गाड्यांपुरती जागा होते काय, ते तो मोजीत आहे. बांधावरचा रस्ता साडेआठ फूट भरला. भाड्याने घेतलेली आमची गाडी आरसे धरून त्याहून रुंद होती. शेजारी दीड फूट सोडावयास तयार आहे, मात्र बदल्यात त्यास आमच्या विहिरीतून आठवड्यास एक पाळी पाणी हवे आहे. त्यावर विचार चालू आहे.