शेंद्र्याचा खासदार

शेंद्र्याची सगळी कामं छत्रपती संभाजीनगरला. तहसील तिथं, जिल्हाधिकारी कचेरी तिथं, कोर्ट तिथं, घाटी दवाखाना तिथं. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्याही पत्त्यात तोच जिल्हा लिहितात. लोकसभेच्या मतदानाला मात्र इथला माणूस जालन्याचा होतो. शेंद्रा-करमाड पट्टा फुलंब्री विधानसभा मतदारसंघात मोडतो आणि फुलंब्री जालना लोकसभेत. निवडणूक आयोगाच्या दफ्तरात विधानसभा क्रमांक १०६, लोकसभा क्रमांक १८. जालना रोडवरून शहराकडे निघालं की थोड्याच अंतरावर १९ क्रमांकाचा मतदारसंघ लागतो. शहराचं आणि जिल्ह्याचं नाव बदललं, पण त्या मतदारसंघाचं नाव आयोगाच्या यादीत औरंगाबादच आहे.

मतदारसंघ ही तशी अजब संस्था. तिला इमारत नाही, पाटी नाही, शिपाई नाही. नकाशावरच्या रेघेखेरीज तिचं काही दिसत नाही. तरीही लाखो माणसांच्या वतीनं दिल्लीत कोण उभं राहून बोलणार, हे ती रेघ ठरवते. जालना मतदारसंघाची रेघ बारकाईनं पाहण्याजोगी आहे. तिच्यात सहा विधानसभा मतदारसंघ येतात: जालना, बदनापूर, भोकरदन, सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण. पहिले तीन जालना जिल्ह्यातले, उरलेले तीन संभाजीनगर जिल्ह्यातले. जालना जिल्ह्यातलेच परतूर आणि घनसावंगी मात्र परभणी लोकसभेत गेले आहेत. म्हणजे जालन्याच्या खासदाराच्या पदरात निम्मा मुलूख शेजारच्या जिल्ह्याचा आणि त्याच्या स्वतःच्या जिल्ह्याचा काही भाग परभणीच्या खासदाराकडे.

या रेघेच्या आत काय काय आहे? सिल्लोड मतदारसंघात सोयगाव तालुक्याचा अजिंठ्याकडचा भाग येतो, त्यामुळे अजिंठ्याची लेणी जालन्याच्या खासदाराकडे. दक्षिणेला पैठण, म्हणजे नाथांची समाधी, पैठणीचे माग आणि जायकवाडीचा नाथसागर. मध्ये बदनापूरचं कडधान्य संशोधन केंद्र, जालन्याच्या लोखंडी सळयांच्या मिल, १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी सुरू केलेल्या महिकोपासून वाढलेला बियाण्यांचा धंदा आणि मोसंबीच्या बागा. आणि शेंद्रा. २००१ पासून इथं स्कोडाचा कारखाना आहे, ऑडीच्या गाड्याही इथंच जोडल्या जातात. त्याला लागून ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी उभी राहिली. शेंद्रा आणि बिडकीन मिळून तिचा पसारा सुमारे दहा हजार एकरांचा. ऑरिक हॉलचं लोकार्पण ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं. बिडकीन पैठण तालुक्यात, म्हणजे तेही जालना लोकसभेतच. संभाजीनगर ज्या नगरीकडे उद्याचा आधार म्हणून पाहतं, ती सबंध नगरी जालन्याच्या खासदाराच्या हद्दीत आहे. जालना रोडवर रोज ये-जा करणाऱ्या किती जणांच्या हे लक्षात येत असेल?

मतदारसंघ जिल्ह्यापेक्षा वयानं मोठा आहे. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी, जालना लोकसभा मतदारसंघ १९५७ पासूनचा. १९५७ सालच्या निवडणुकीत इथून काँग्रेसचे सैफ तय्यबजी निवडून आले. मुंबईचा हा गृहस्थ मराठवाड्यातून दिल्लीला गेला, तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात येऊन जेमतेम काही महिने झाले होते. त्यांचं लवकरच निधन झालं आणि पोटनिवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचे घारे जिंकले. त्यानंतरची वर्षं काँग्रेसची. ही सलगता मोडली आणीबाणीनंतर, १९७७ साली, जनता पक्षाच्या पुंडलिक हरी दानवे यांनी. १९८० आणि १९८४ ला बाळासाहेब पवार, १९८९ ला भाजपच्या चिन्हावर पुन्हा पुंडलिक हरी, १९९१ ला समर्थ साखर कारखान्याचे अंकुशराव टोपे, १९९६ आणि १९९८ ला भाजपचे उत्तमसिंग पवार. ही नावं ओळीनं वाचली की मराठवाड्याच्या राजकारणाचे थर दिसतात: काँग्रेस, साखर आणि सहकार, आणीबाणीनंतरचा जनसंघीय गावकार्यकर्ता, मग भाजप.

१९९९ पासून सलग पाच वेळा एकच नाव: रावसाहेब दानवे. भोकरदन तालुक्यातल्या जवखेड्याचे. सरपंचपदापासून सुरुवात, दोनदा भोकरदनचे आमदार, मग पाच वेळा खासदार, मधल्या काळात भाजपचे प्रदेशाध्यक्ष, शेवटी रेल्वे राज्यमंत्री. त्यांची कारकीर्द नीट पाहिली तर एक गोष्ट कळते. गावातलं लग्न, दहावा, वास्तुशांत चुकवायची नाही, तालुक्याच्या कार्यकर्त्याला नावानं हाक मारायची, बोलायचं ते शेतकऱ्याच्या बोलीत. पंचवीस वर्षं हे जमवणं सोपं नव्हे. टीकाकारांनी त्यांच्या भाषेवर अनेकदा बोट ठेवलं आणि काही वेळा ते रास्तच होतं. पण याच खासदाराच्या काळात ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुटू लागली, जालना-जळगाव या नव्या लोहमार्गाची चर्चा पुढे सरकली, मनमाडकडच्या मार्गाच्या दुहेरीकरणाला गती आली. शेंद्र्याच्या कारखानदाराला रेल्वेचा हा प्रश्न रस्त्याइतकाच जिव्हाळ्याचा.

या पाच विजयांतला २००९ चा विजय मला सर्वांत बोलका वाटतो. त्या निवडणुकीआधीच मतदारसंघांची फेररचना नव्यानं लागू झाली होती आणि दानवेंसमोर काँग्रेसचे डॉ. कल्याण काळे होते. फरक पडला ८,४८२ मतांचा. लाखोंच्या मतदानात हा फरक म्हणजे काही मोठ्या गावांची मर्जी. काळे त्याच वर्षी पुढे फुलंब्रीतून विधानसभेवर गेले. २०१४ मध्ये दानवेंचं मताधिक्य दोन लाखांवर गेलं, २०१९ मध्ये तीन लाख बत्तीस हजारांवर. इथं आता दुसरं कुणी येणार नाही, असं लोक धरून चालले होते.

मग १३ मे २०२४. काळे यांना ६,०७,८९७ मतं, दानवेंना ४,९७,९३९. फरक १,०९,९५८. पाच वर्षांत पारडं सुमारे चार लाख त्रेचाळीस हजार मतांनी फिरलं. याचं एकच कारण सांगणारा माणूस घाई करतो आहे, असं मी म्हणेन. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ रोजी उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचा प्रश्न या भागातल्या घराघरांत पोहोचला. त्याच्या जोडीला कापूस-सोयाबीनचे पडलेले भाव होते, दलित आणि मुस्लिम मतांची एकजूट होती, आणि पंचवीस वर्षांच्या चेहऱ्याचा थकवा होता. आणखी एक आकडा विसरू नये: मंगेश साबळे या अपक्षाला मिळालेली १,५५,९३० मतं. फुलंब्री तालुक्यातल्या गेवराई पायगाचा हा तरुण सरपंच. विहिरींच्या मंजुरीसाठी पैसे मागितले जातात, या रागातून त्यानं २०२३ साली पंचायत समितीसमोर नोटा उधळल्या होत्या. ना मोठा पक्ष, ना साखर कारखाना, ना शिक्षणसंस्था, तरी दीड लाख माणसांनी त्याचं बटण दाबलं. पंचायत समितीच्या दारात अडकलेली एका विहिरीची फाईल लोकसभेच्या निकालात उतरू शकते, हे शेंद्र्यासारख्या भागातल्या प्रत्येक पुढाऱ्यानं लक्षात घ्यावं.

त्या निवडणुकीनं रेघेची आणखी एक गंमत दाखवली. पैठणचे तेव्हाचे आमदार संदिपान भुमरे यांचा विधानसभा मतदारसंघ जालना लोकसभेत, पण ते निवडून गेले औरंगाबाद लोकसभेतून. काळे संभाजीनगर जिल्ह्याच्या राजकारणातले, निवडून गेले जालन्यातून. फुलंब्रीचे तेव्हाचे आमदार हरिभाऊ बागडे पूर्वी विधानसभेचे अध्यक्ष होते, जुलै २०२४ मध्ये राजस्थानचे राज्यपाल झाले. त्यानंतर फुलंब्रीनं अनुराधा चव्हाण यांच्या रूपानं एका बाईला विधानसभेत पाठवलं. जालना लोकसभेतून मात्र १९५७ पासून एकही बाई निवडून गेलेली नाही.

या घडीला साडेएकोणीस लाखांहून जास्त मतदारांमागे हा एक खासदार आहे. तुलनेसाठी पाहा: पॅसिफिक महासागरात तुवालू नावाचा देश आहे. लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास, नऊ बेटं, आठ मतदारसंघ, प्रत्येकाचे दोन असे सोळा लोकप्रतिनिधी. तिथं पक्ष नाहीत. जानेवारी २०२४ च्या निवडणुकीत पंतप्रधान कौसेया नतानो स्वतःच्याच बेटावर हरले. नव्या सदस्यांना राजधानीत आणणाऱ्या बोटी खराब हवेमुळे अडकल्या, म्हणून नवा पंतप्रधान निवडायलाच उशीर झाला. शेवटी फेलेटी टेओ बिनविरोध आले. तिथला प्रतिनिधी आपल्या मतदारांना चेहऱ्यानं ओळखत असणार; सातशे माणसांमागे एक, एवढंच ते प्रमाण. आपल्याकडे ओळख ठेवायची तर ती सरपंच, पंचायत समिती सदस्य, बूथप्रमुख यांच्या साखळीतून ठेवावी लागते. कोणत्या गावानं किती लीड दिली, कुठं गठ्ठा मतदान झालं, हा हिशेब निकालाच्या रात्री याच साखळीत मांडला जातो. तो हिशेब मांडणारी माणसं आणि तो न मांडता येणारी माणसं, यांच्यातला फरक शेंद्र्यात सर्वांत ठळक दिसतो.

शेंद्र्यात दोन गावं एकत्र नांदतात. एक मूळ गाव, जिथं चैत्रात मांगीरबाबाची यात्रा भरते. दूरदूरहून माणसं नवस फेडायला येतात, आणि निवडणुकीचं वर्ष असलं की त्याच गर्दीत उमेदवारही दर्शनाला येतात. या गावाची नावं मतदारयादीत आहेत, सरपंच आहे, कुणाच्या घरी किती मतं हे पुढाऱ्याला तोंडपाठ आहे. दुसरं गाव भाड्याच्या खोल्यांचं. हिंगोली, परभणी, बुलढाण्याकडून आणि त्याहून लांब उत्तर प्रदेश-बिहारहून आलेली पोरं एकेका खोलीत चार-चार राहतात, तीन पाळ्यांत काम करतात. या दुसऱ्या गावातल्या अनेकांचं नाव अजून मूळ गावच्या यादीतच आहे. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५-ब कलमानुसार मालकाला बंधनकारक आहे. पण २०२४ मध्ये परभणी, हिंगोली, बुलढाण्याचं मतदान होतं २६ एप्रिलला आणि जालना-औरंगाबादचं १३ मेला. परभणीच्या पोराला सुट्टी हवी एका तारखेला, कारखाना बंद दुसऱ्याच तारखेला. बिहारच्या पोराला तर दोन दिवसांचा प्रवास, तिकीट आणि बुडालेली हजेरी. मतदान हा अधिकार त्याच्यासाठी महाग पडतो, आणि लोकशाहीत मत महाग पडणं ही मला गंभीर गोष्ट वाटते.

यावर तोडगा काढायचा प्रयत्न झाला होता. निवडणूक आयोगानं २०२२ च्या अखेरीस दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना तयार केल्याचं जाहीर केलं. एका केंद्रावरच्या एकाच यंत्रातून बहात्तर वेगवेगळ्या मतदारसंघांचं मतदान घेता यावं, अशी त्याची रचना. जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांना प्रात्यक्षिकासाठी बोलावण्यात आलं. अनेक विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले: स्थलांतरित कोण हे ठरवायचं कसं, परराज्यातल्या केंद्रावर पक्षाचा पोलिंग एजंट कुठून आणायचा, आचारसंहिता कोणती लागू करायची. प्रश्न पोकळ नव्हते. यंत्र पुढं गेलं नाही.

दुसरा मार्ग आजही उघडा आहे, आणि तो साधा आहे. माणूस जिथं नेहमीचा राहतो तिथं त्याचं नाव यादीत यावं, असं १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. खोली भाड्याची असली तरी चालते. जुन्या गावातलं नाव इथं आणायचं तर नमुना ८ भरायचा, पहिल्यांदाच नाव नोंदवायचं तर नमुना ६. बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, बहुधा जवळच्या शाळेचे गुरुजी किंवा अंगणवाडीच्या ताई, हे काम पाहतात. कारखान्यांनी आपल्या गेटवर दोन दिवस नोंदणीचं टेबल लावलं, तर शेंद्र्याची यादी बदलेल. अडचण इच्छेची आहे. गावातल्या जुन्या पुढाऱ्याला हजारभर अनोळखी मतं यादीत यायला नको असतात. त्याचा हिशेब मोडतो. आणि पोरालाही वाटतं, आपण काय, चार वर्षांनी परत जाणार.

हा मुद्दा शेंद्र्यापुरता जास्त टोचतो, कारण ऑरिकला नगरसेवक नाही. ती नगरी चालवते एक कंपनी, जिच्यात एमआयडीसीचा वाटा ५१ टक्के आणि केंद्राच्या औद्योगिक मार्गिका न्यासाचा ४९ टक्के. पाणी, सांडपाणी, रस्ते, भूखंड सारं तिच्याकडे. कामात ती तत्परही असेल, पण तिला मतदार नाहीत. आसपासच्या गावांना ग्रामपंचायत आहे, ऑरिकच्या आत निवडून आलेलं सभागृह नाही. म्हणून इथल्या माणसाला तक्रार करायची तर निवडून आलेली दारं दोनच, आमदाराचं आणि खासदाराचं. खासदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी, तो सहा विधानसभा मतदारसंघांत वाटायचा. केंद्राच्या योजनांवर देखरेख करणाऱ्या जिल्हा समितीच्या बैठकांसाठी त्याला दोन जिल्हाधिकारी कार्यालयं गाठावी लागतात. शेंद्र्याचा प्रश्न जालन्याच्या बैठकीत येत नाही आणि संभाजीनगरच्या बैठकीत तो अनेकांपैकी एक असतो.

आता ही रेघ पुन्हा आखली जाण्याची वेळ येते आहे. लोकसभेत कोणत्या राज्याच्या किती जागा हे अजून १९७१ च्या जनगणनेवर गोठलेलं आहे. मतदारसंघांच्या आजच्या सीमा २००१ च्या जनगणनेवर आखून २००८ साली लागू झाल्या. त्या जनगणनेच्या वेळी स्कोडाचा कारखाना नुकता सुरू होत होता आणि ऑरिक कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पुढची जनगणना २०२७ मध्ये होणार आहे. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीनं लोकसभेत बायकांसाठी ठेवलेल्या एक तृतीयांश जागाही नव्या जनगणनेनंतरच्या फेररचनेशी जोडल्या आहेत. फेररचना आयोग प्रस्ताव आधी प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, राज्यात जाहीर सुनावण्या घेतो. या वेळी शेंद्रा आणि करमाडच्या ग्रामपंचायती, मसिआ आणि सीएमआयए या उद्योजकांच्या संघटना आणि कामगार संघटना यांनी आपापलं निवेदन तयार ठेवावं: बिडकीन आणि शेंद्रा एकाच मतदारसंघात हवेत का, तो मतदारसंघ संभाजीनगरचा असावा की जालन्याचा, आणि खोल्यांत राहणाऱ्या माणसांची मोजणी गावाच्या लोकसंख्येत धरली गेली आहे की नाही. जनगणनेचा प्रगणक रात्रपाळीच्या वेळी आला आणि खोलीला कुलूप दिसलं, तर ती माणसं नव्या नकाशातूनही गळतील.