खरा राजपुत्र की तोतया?

तान्हेपणीच मारला गेलेला युवराज सतरा-अठरा वर्षांनी फौजफाटा घेऊन परत आला, तर त्याला मुजरा करायचा की बेड्या ठोकायच्या? ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या गाजलेल्या मालिकेच्या मूळ कादंबऱ्यांतला हा पेच २०११पासून जगभरच्या वाचकांना भांडायला लावतो आहे. मालिकेने तर हा मुलगाच कथेतून गाळून टाकला!

एका रुंद, धुक्याने भरलेल्या नदीतून एक जुनाट होडी चालली आहे. होडीवर ग्रिफ नावाचा भाडोत्री शिपाई आहे, त्याचा तरुण मुलगा आहे, एक संन्यासिनी आहे, एक पंतोजी आहे आणि एक धिप्पाड तलवारबाज. बापलेकांचे केस निळ्या रंगात रंगवलेले. याच होडीवर टिरियन लॅनिस्टर हा बुटका, पण तल्लख बुद्धीचा सरदारपुत्र येऊन पडतो. बापाचा खून करून तो देशोधडीला लागलेला आहे.

चार दिवसांतच टिरियनच्या मनात पाल चुकचुकते. भाडोत्री शिपायाच्या पोराला चार-चार भाषा, इतिहास आणि भूमिती शिकवायला खास पंतोजी कशाला? धर्माचे धडे द्यायला संन्यासिनी कशाला? शिवाय मुलाचे डोळे. दिवसा निळे वाटणारे ते डोळे संध्याकाळच्या उजेडात चक्क जांभळे दिसतात. आणि वेस्टेरॉसच्या राज्यात जांभळे डोळे म्हणजे टारगेरियन राजघराण्याची खूण!

हा मुलगा म्हणजे युवराज रेगारचा मुलगा एगॉन, असं मग उघड होतं. सिंहासनाचा खरा वारस. अडचण एकच आहे. एगॉन तर तान्हा असतानाच मेला होता.

त्या रात्री काय घडलं?

जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन लेखकाच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेचा पहिला खंड १९९६ साली आला. कथा सुरू होते, तेव्हा टारगेरियनांची सत्ता जाऊन चौदा-पंधरा वर्षं झालेली आहेत. रॉबर्ट बराथियनने बंड केलं, रणात युवराज रेगारला ठार मारलं. पाठोपाठ टायविन लॅनिस्टरच्या फौजेने राजधानी लुटली. रेगारची पत्नी एलिया आणि तिची दोन मुलं राजवाड्यात अडकली होती. तिघांनाही मारण्यात आलं. तान्ह्या एगॉनला ग्रेगर क्लिगेन या राक्षसी सरदाराने भिंतीवर आपटलं. नव्या राजापुढे लाल कापडात गुंडाळलेले मुलांचे देह ठेवण्यात आले, तेव्हा त्या बाळाचा चेहरा ओळखू येण्यासारखा उरला नव्हता.

सगळा वाद उभा आहे तो या न ओळखता आलेल्या चेहऱ्यावर.

राजदरबाराचा हेरप्रमुख व्हॅरिस याच्या गोटातून येणारी हकिगत अशी: राजधानी पडणार हे व्हॅरिसने आधीच ओळखलं होतं. गरीब वस्तीतल्या एका चांभाराची बायको बाळंतपणात गेली होती. उंची दारूच्या एका सुरईच्या मोबदल्यात व्हॅरिसने त्या चांभाराकडून त्याचं बाळ विकत घेतलं, एलियाच्या कुशीत ठेवलं आणि खऱ्या राजपुत्राला समुद्रापार पाठवलं. भिंतीवर आपटलं गेलं ते चांभाराचं लेकरू. ही कथा टिरियनला सांगतो तो खुद्द निळ्या केसांचा मुलगा. त्याला ती अर्थातच कुणीतरी सांगितलेली आहे!

‘खरा’ म्हणणारे

मुलगा खराच आहे, असं मानणाऱ्या वाचकांच्या हाती दोन चांगले मुद्दे आहेत.

पहिला मुद्दा जॉन कॉनिंग्टनचा. ग्रिफ या नावामागे दडलेला हा माणूस रेगारचा जिवलग मित्र. मित्राच्या मुलासाठी त्याने स्वतःचं नावही सोडलं. पलटणीच्या तिजोरीवर हात मारला म्हणून हाकलला गेला आणि दारू पिऊन मेला, अशी स्वतःची बदनामीही पसरू दिली. आता त्याला अंग दगडासारखं करत नेणाऱ्या असाध्य रोगाची लागण झाली आहे, आणि ती तो सगळ्यांपासून लपवतो आहे. मुलाला गादीवर बसवण्यापुरतं आयुष्य मिळावं, एवढीच त्याची आस आहे. असा माणूस एका भाडोत्री पोरासाठी झिजेल का?

दुसरा मुद्दा अधिक वजनदार. पाचव्या खंडाच्या अगदी शेवटी व्हॅरिस केव्हन लॅनिस्टर या कारभाऱ्याचा खून करतो. मरता मरता केव्हन म्हणतो, की एगॉन तर मेला. व्हॅरिस सांगतो, की नाही, तो आलेला आहे. मग तो त्या मुलाच्या जडणघडणीचं वर्णन करतो. मासे पकडणं, स्वयंपाक, जखमा बांधणं, उपाशी राहणं, हे सगळं या मुलाला शिकवलं गेलं आहे. राज्य करणं हा हक्क नसून कर्तव्य आहे, हे त्याला ठाऊक आहे. दोन घटकांत मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलून व्हॅरिसला काय मिळणार?

‘तोतया’ म्हणणारे

यावर दुसरी बाजू लगेच बोट दाखवते. व्हॅरिसने ‘एगॉन आलेला आहे’ असं म्हटलं, पण ‘तो रेगारचा मुलगा आहे’ असं कुठे म्हटलं? नाव काय, कुणालाही देता येतं!

मग पुढचे प्रश्न येतात. व्हॅरिसला एवढं आधी कळलं होतं, तर त्याने एलियाच्या मुलीला का नाही वाचवलं? (ती मोठी होती, तिचा चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा होता, असं उत्तर पहिली बाजू देते.) चांभाराच्या बाळाची हकिगत इतकी सोयीची कशी, की तिचा एकही तटस्थ साक्षीदार नाही?

पण खरी मेख आहे ती या मुलामागे उभ्या असलेल्या फौजेत. ‘गोल्डन कंपनी’ ही दहा हजारांची भाडोत्री पलटण त्याच्यासाठी समुद्र ओलांडून आली आहे. ही पलटण स्थापन केली होती ब्लॅकफायर पक्षाच्या परागंदा लोकांनी. ब्लॅकफायर म्हणजे टारगेरियन घराण्याचीच अनौरस शाखा. मूळ घराण्याचं निशाण काळ्यावर लाल ड्रॅगन, तर यांचं लालवर काळा. या शाखेने गादीसाठी पिढ्यान्‌पिढ्या बंडं केली. जी पलटण टारगेरियनांशी लढण्यासाठीच जन्मली, ती आज एका टारगेरियनासाठी रक्त सांडायला का निघाली?

या कटाचा पैसेवाला भागीदार इलिरिओ हा व्यापारी याविषयी बोलताना एक चमत्कारिक शब्द वापरतो. ब्लॅकफायर घराणं संपलं, पण ‘पुरुषांच्या बाजूने’ संपलं, असं तो म्हणतो. मग स्त्रियांच्या बाजूने? इलिरिओची लाडकी दिवंगत पत्नी सोनेरी-रुपेरी केसांची होती. त्याच्या घरी एका लहान मुलाचे जुने कपडे जपून ठेवलेले आहेत. निरोपाच्या वेळी तो त्या मुलासाठी साखरेत पाकवलेलं आलं, म्हणजे आपला आलेपाकच, पेटीतून पाठवतो. त्याला ते नेहमी आवडायचं, असं सांगताना त्याचा सूर हळवा होतो. राजकारणी व्यापाऱ्याचा हा जिव्हाळा प्याद्यासाठी असतो की पोटच्या पोरासाठी? हा मुलगा इलिरिओचाच, आणि आईकडून ब्लॅकफायर रक्ताचा, असा निष्कर्ष अनेक वाचकांनी यातूनच काढला आहे.

भरीला एक भविष्यवाणी आहे. दुसऱ्याच खंडात (१९९८) राजकन्या डेनेरिसला काही दृश्यं दिसतात. त्यातल्या एकात काठ्यांवर नाचवला जाणारा कापडाचा ड्रॅगन आहे आणि भोवती जयजयकार करणारी गर्दी. सोंगाड्यांचा ड्रॅगन!

ड्रॅगनलाच विचारलं तर?

टारगेरियन रक्ताच्या माणसालाच ड्रॅगन पाठीवर घेतो, असा समज आहे. मग या मुलाला ड्रॅगनपुढे उभं केलं, की झालं! पण इथेच लेखकाने नाकेबंदी करून ठेवली आहे. याच विश्वातल्या ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ या मालिकेच्या २०२४ सालच्या दुसऱ्या भागात राजघराण्याच्या अनौरस वंशजांनीही ड्रॅगनवर मांड ठोकलेली दिसते. ब्लॅकफायरही मुळात त्याच रक्ताचे. म्हणजे ड्रॅगनने मुलाला मारलं, तर तो तोतया ठरेलही. पण पाठीवर घेतलं, तरी तो रेगारचा मुलगा आहे हे सिद्ध होणार नाही.

इतिहासातले परत आलेले

मराठी वाचकाला हा सगळा प्रकार कुठेतरी ओळखीचा वाटेल. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण अनेकांना ते पटेना. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत कुंकू पुसलं नाही. अशा वेळी सुखनिधान नावाच्या एका कनोजी ब्राह्मणाने ‘मीच भाऊ’ म्हणून दावा केला. तो कैदेत पडला. पण १७७६मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यावरच्या अधिकाऱ्यानेच त्याला सोडवून त्याच्या नावाने बंड उभारलं. बघता बघता कोकणात त्याचा अंमल बसू लागला. शेवटी आंग्र्यांच्या हाती लागून तो पुण्यात आला आणि डिसेंबर १७७६मध्ये त्याला देहान्त शासन झालं. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं.

ज्या इंग्लंडच्या यादवीवरून मार्टिन यांनी आपल्या कथेची प्रेरणा घेतली, तिथेही असंच घडलं. १४८३मध्ये लंडनच्या टॉवरमधून दोन राजपुत्र नाहीसे झाले. पुढे पर्किन वॉरबेक नावाचा तरुण त्यातला धाकटा म्हणून उभा राहिला. राजपुत्राच्या सख्ख्या आत्याने, बर्गंडीच्या मार्गारेटने, त्याला भाचा म्हणून स्वीकारलं. १४९९मध्ये तो फासावर गेला.

पण परत येणारा प्रत्येक जण तोतयाच असतो असंही नाही. बंगालमधल्या भवाल इस्टेटीचा राजकुमार १९०९मध्ये दार्जिलिंगला वारल्याचं सांगण्यात आलं होतं. बारा वर्षांनी तो संन्यासी म्हणून प्रकटला. बहिणीने ओळखलं, पत्नीने अखेरपर्यंत नाकारलं. ढाक्याच्या न्यायालयाने १९३६मध्ये, कलकत्ता हायकोर्टाने १९४०मध्ये आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९४६मध्ये, असा तिन्ही वेळा निकाल त्या संन्याशाच्या बाजूने लागला.

भाऊसाहेब किंवा भवालचा राजकुमार हे प्रौढ पुरुष होते. त्यांची चाल, आवाज, अंगावरच्या खुणा ओळखणारी माणसं हयात होती. एगॉनच्या बाबतीत ती सोयच नाही. तान्ह्या बाळाला ना आठवणी, ना सवयी. आई गेली, बाप गेला. साक्षीदार एकच, आणि त्याचा धंदाच मुळी कारस्थानं करण्याचा! लेखकाने पुढच्या खंडातली जी थोडी प्रकरणं आधीच प्रसिद्ध केली, त्यांत एलियाची भाची आरियान या मुलाची पारख करायला निघाली आहे. पण ती बिचारी ओळखणार कशावरून?

कुणाला खरा हवा आहे?

म्हणूनच या वादातला कळीचा प्रश्न ‘खरा कोण’ हा नसून ‘खरा कुणाला हवा आहे’ हा आहे. कॉनिंग्टनला तो हवा आहे, कारण मित्राच्या लढाईत आपण कमी पडलो, हे ओझं त्याला उतरवायचं आहे. पलटणीला हवा आहे, कारण परक्या मुलखात म्हाताऱ्या झालेल्या शिपायांना घरी परतायचं आहे. युद्धाने गांजलेल्या रयतेलाही तो हवासा वाटेल, कारण तिला कुणीतरी बरा राजा हवा आहे. व्हॅरिसनेच दुसऱ्या खंडात टिरियनला एक कोडं घालून सुचवलं होतं, की सत्ता तिथेच असते, जिथे ती आहे असं लोक मानतात. ते कोडं त्याने मुलाच्या रूपाने रणात उतरवलं, असंच म्हणावं लागेल.

या गदारोळात एकाच जिवाचा विचार मागे पडतो. तोतया म्हणजे जाणूनबुजून दुसऱ्याचं सोंग घेणारा. हा मुलगा तसा नाही. त्याला कळायला लागल्यापासून जे सांगितलं गेलं, ते तो मनापासून मानतो. तो तापट आहे. बुद्धिबळासारख्या सायवास या खेळात टिरियनकडून हार दिसताच तो पट उधळून देतो. पण तो लबाड नाही. उद्या खोटं उघडं पडलंच, तर फसवणारे समुद्रापार पळतील, डोकं मात्र त्याचं जाईल. आणि तो खरा असेल, तर त्याच्या जागी भिंतीवर आपटलं गेलेलं चांभाराचं पोर कुणाच्याच हिशेबात नाही. त्याचं तर नावही कुणाला ठाऊक नाही.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिका २०१९मध्ये संपली. तिने हा मुलगा वगळला आणि एगॉन हे नाव २०१७मध्ये भलत्याच नायकाला, जॉन स्नोला देऊन टाकलं. त्यामुळे मालिका पाहून कादंबरीतल्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. पाचवा खंड २०११मध्ये आला आणि सहाव्याची वाट पाहण्यात वाचकांची वर्षांमागून वर्षं गेली. त्या वाचकांची तोंडं आजही दोन दिशांना आहेत. एक बाजू कॉनिंग्टनच्या दगड होत चाललेल्या बोटांकडे बघते, दुसरी त्या आलेपाकाच्या पेटीकडे!