पंच कोणाच्या गावचे?

अहिल्यानगर येथे २ फेब्रुवारी २०२५ रोजी महाराष्ट्र केसरी स्पर्धेत शिवराज राक्षे या मल्लाने पंचांची कॉलर धरली आणि त्यांना लाथ मारली. दोन वेळा किताब मिळविलेल्या मल्लाला हे शोभले नाही, आणि प्रस्तुत लेखक त्याचे समर्थन करीत नाही. परंतु पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या त्या कुस्तीत आपली पाठ पूर्ण टेकलीच नव्हती, चित्रफीत पाहून निर्णय द्यावा, एवढीच मूळ मागणी होती व ती मान्य झाली नाही. त्याच दिवशी अंतिम लढतीतही महेंद्र गायकवाड गुणांच्या वादावरून, काही सेकंद उरले असता, मैदान सोडून गेला. दोघांवरही तीन वर्षांची बंदी आली. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात सिकंदर शेख व गायकवाड यांच्या कुस्तीत बाहेरच्या टांगेला दिलेल्या गुणांवरून असेच रण माजले होते. शहर बदलले, मल्ल बदलले. तक्रार तीच राहिली. मल्लांच्या वर्तनाची चर्चा भरपूर झाली. पंच कोण नेमतो, त्यांचे मानधन कोठून येते आणि त्यांच्या निकालावर दाद कोठे मागावयाची, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

हा प्रश्न केवळ लाल मातीचा नाही. व्यावसायिक मुष्टियुद्धात तो अधिक उघडा दिसतो, कारण तेथे पैसा अधिक आहे. सामना भरविणारा ठेकेदार बहुधा स्थानिक मुष्टियोद्ध्याचाच पाठीराखा असतो. पंचांच्या मानधनाचा व प्रवासाचा भार त्याच्यावर पडतो. आणि किताब देणाऱ्या संघटनेला योद्ध्यांच्या कमाईत टक्केवारी मिळते. मग पाहुण्याने स्पष्टपणे लोळविल्याखेरीज जिंकू नये, असा अलिखित दंडक पडला तर नवल नाही. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये, म्हणजे हौशी खेळात, अमेरिकेच्या रॉय जोन्सने ८६ ठोसे लगावले आणि यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनने ३२. तरी सुवर्णपदक पार्कच्या गळ्यात पडले. घाणेरड्या डावपेचांची तर परिसीमा १९८३ मध्ये न्यूयॉर्कला झाली. लुइस रेस्टो याच्या हातमोज्यांतील भरण त्याच्या प्रशिक्षकाने काढून टाकले होते, आणि त्या जवळजवळ उघड्या मुठींनी बिली कॉलिन्स या तरुणाचे डोळे कायमचे अधू झाले. रेस्टो व प्रशिक्षक दोघेही तुरुंगात गेले. कॉलिन्स पुन्हा रिंगणात उतरला नाही.

तथापि प्रत्येक वादग्रस्त निकाल खोटा असतो असे मानणेही न्याय्य नव्हे. २०१७ मध्ये ब्रिस्बेनला पन्नास हजारांवर प्रेक्षकांसमोर स्थानिक जेफ हॉर्नने मॅनी पॅकियाओला हरविले, तेव्हा जगभर ओरड झाली. संघटनेने पाच त्रयस्थ परीक्षकांकडून गुण पुन्हा मोजून घेतले, तो हॉर्नच विजयी ठरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या मुंबईत, वरळीला, विजेंदर सिंगने चीनच्या झुल्पिकार मैमैतिआलीवर जो विजय मिळविला, त्यात तिघांपैकी दोन परीक्षकांच्या हिशेबी अंतर अवघ्या एका गुणाचे होते. तोच सामना चीनमध्ये झाला असता तर, हा प्रश्न आपण त्या रात्री टाळ्या वाजविताना स्वतःला विचारला नाही.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना या विषयाचे आकर्षण वाटते ते उगीच नव्हे. स्पेनमधील फुटबॉल सामन्यांच्या एका सुप्रसिद्ध अभ्यासात असे आढळले की, यजमान संघ एका गोलाने मागे असला की पंच शेवटी वेळ वाढवून देतात, आणि पुढे असला की आखडता हात घेतात. लाच कोणी दिलेली नसते. समोर बसलेल्या हजारो माणसांचा आवाज पुरेसा असतो. ही गोष्ट वाचली तेव्हा मला माझ्या काकांची आठवण झाली.

काका आमच्या गावच्या यात्रेतील दंगलीत वर्षानुवर्षे पंच होते. एक रुपया जास्त आला तर दुकानदाराकडे चालत जाऊन परत करणारा माणूस. एका वर्षी मालेगावकडून आलेल्या मल्लाने आमच्या गावच्या मल्लाला घिस्सा मारून चीत केले. फडाच्या कडेला बसलेल्या आम्हां पोरांनीही ते पाहिले. काकांनी मान हलविली, खांदा टेकला नाही म्हणून सांगितले, आणि वेळ संपताच कुस्ती बरोबरीत सोडविली. हलगी वाजली, फेटे उडाले, इनाम निम्मे निम्मे झाले. रात्री आजीने विचारले तेव्हा ताटावरून मान वर न करता ते एवढेच म्हणाले, "आपला गावना पोऱ्या शे." तो पाहुणा मल्ल निम्मे इनाम घेऊन, काकांच्या पाया पडून, शेवटच्या एस.टी.ने निघून गेला.

पुढल्या वर्षी तो आला नाही. त्याच्या तालमीचे इतरही आले नाहीत. ज्या बाजारात मालाची पारख खरी होत नाही, तेथून चांगला माल आधी निघून जातो, हे मी आज वर्गात फळ्यावर लिहून शिकवितो; आमच्या यात्रेत ते पाच-सहा वर्षांत घडले. मोठ्या कुस्त्या गेल्या, नारळावरच्या उरल्या.

पोराला तालमीत ठेवायचे म्हणजे दूध, बदाम, तूप यांचा खर्च, आणि तो कपाशीच्या व केळीच्या भरवशावर चालतो. चाळीसगाव तालुक्यातील विजय चौधरी यांनी २०१४ पासून लागोपाठ तीन वेळा महाराष्ट्र केसरी मिळविली आणि पुढे ते पोलीस उपअधीक्षक झाले. तेव्हापासून कुस्ती ही खानदेशातील कित्येक घरांना नोकरीची वाट वाटते. अशा वेळी एका चुकीच्या गुणाची किंमत केवळ गदेपुरती राहत नाही.

उपाय महाग नाही. १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान व वेस्ट इंडीज यांच्या कसोटीत पिलू रिपोर्टर व रामस्वामी हे दोन भारतीय त्रयस्थ पंच म्हणून उभे राहिले. क्रिकेटला तो नियम कायम करण्यास पुढे बरीच वर्षे लागली. आपल्याकडे जळगाव जिल्ह्याच्या दंगलीत धुळ्याचे पंच व धुळ्याच्या दंगलीत जळगावचे, मानधन यात्रा समितीने न देता दोन्ही जिल्ह्यांच्या सामायिक निधीतून, एवढे करण्यास एस.टी.चे भाडे व थोडी इच्छा पुरेल. गावचा मल्ल हरला तर वर्गणी कोण देणार, असा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. पहिली दोन वर्षे वर्गणी कमी पडेलही.

काकांनी त्यानंतर काही वर्षांनी आमच्या यात्रेत पंचाच्या खुर्चीवर बसणे सोडले. कारण विचारले तर विषय बदलीत. तापीपलीकडच्या एका गावाहून मात्र दर वर्षी बोलावणे येई, आणि तेथे ते अखेरपर्यंत जात राहिले.