जुन्या ट्रकचे मायलेज अचानक घटणे

एक लिटर इंधनात वाहन जितके किलोमीटर धावते, त्यास मायलेज म्हणतात. इंजिनाच्या झिजेमुळे मायलेज हळूहळू कमी होते. ते अचानक घटल्यास बहुधा एखादा विशिष्ट बिघाड कारणीभूत असतो. म्हणून इंजिन उघडण्यापूर्वी सोप्या तपासण्या केल्या जातात.

पडताळणी
टाकी काठोकाठ भरून ट्रक नेहमीच्या मार्गावर, नेहमीच्या भारासह चालवतात व टाकी पुन्हा तितकीच भरतात. ६०० किलोमीटरसाठी १५० लिटरऐवजी २०० लिटर डिझेल लागल्यास मायलेज ४ वरून ३ वर आले, असे सिद्ध होते.

इंजिनाबाहेरील कारणे
इंधनगळती, टायरमधील कमी हवा आणि ब्रेक न सुटणे ही कारणे प्रथम तपासतात. प्रवासानंतर एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले असल्यास त्याचा ब्रेक घासत असण्याची शक्यता असते. अशा ब्रेकमुळे टायर पेटू शकतो. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी ट्रक चालवणे धोकादायक ठरते. इंजिनाचे फेरे वाढूनही वेग वाढत नसल्यास क्लच घसरत असतो.

इंजिनातील कारणे
यांत्रिक इंधनपंपाच्या जुन्या डिझेल इंजिनात संगणकीय दोषसंकेत मिळत नाहीत. तेथे धुराचा रंग उपयोगी पडतो. काळा धूर तुंबलेला एअर फिल्टर, टर्बोची फाटलेली नळी किंवा सदोष इंजेक्टर सुचवतो; निळा धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे दर्शवतो. थर्मोस्टॅट उघडा अडकल्यास इंजिन पुरेसे तापत नाही व इंधन जास्त लागते.