अपघाताचा निरोप आणि परवान्याची नोंदवही

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील पदव्युत्तर वर्गाचा एक विद्यार्थी सकाळी दुचाकीवरून येत असताना अपघातात सापडला. रस्त्यावरील लोकांनी त्याला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोहोचविले. खिशात वाहन चालविण्याचा परवाना होता. त्यावर त्याचे नाव, जन्मतारीख आणि दुसऱ्या जिल्ह्यातील गावाचा पत्ता होता. भ्रमणध्वनीही होता, पण सांकेतिक आकड्यावाचून तो उघडेना. शेवटी पिशवीतील ग्रंथालयाच्या पुस्तकावरचा शिक्का पाहून कोणीतरी महाविद्यालयात विचारणा केली, कार्यालयातून त्याचा प्रवेश-अर्ज शोधून काढण्यात आला आणि दुपारी त्याच्या वडिलांना निरोप गेला. मुलगा सुदैवाने वाचला. परंतु शासनाने दिलेला परवाना खिशात असताना निरोप पोहोचविला तो ग्रंथालयाच्या शिक्क्याने, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

असे प्रसंग अपवादात्मक नाहीत. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. या प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे, आणि त्या घरी केव्हा तरी, कोणीतरी, कसा तरी निरोप पोहोचविलेला आहे. तो वेळेवर आणि योग्य तोंडून पोहोचावा यासाठी परवाना देणाऱ्या यंत्रणेनेच वाहनचालकाच्या आप्तांचे संपर्क-क्रमांक नोंदवून ठेवावेत काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याने हा प्रयोग २००६ च्या ऑक्टोबरात सुरू केला. आदल्या वर्षी तेथे एक तरुण मुलगी अपघातात दगावली आणि तिच्या आईला ते कळायला कित्येक तास लागले. त्या आईने पाठपुरावा केला, आणि परवानाधारकाला आपल्या दोन निकटवर्तीयांची नावे व क्रमांक राज्याच्या परवाना-विभागाकडे नोंदविण्याची सोय झाली. नोंद ऐच्छिक आहे, ती केव्हाही बदलता येते, परवान्यावर ती छापलेली नसते आणि ती पाहण्याचा अधिकार पोलिसांपुरता आहे. ओहायो, इलिनॉय या राज्यांनीही पुढे अशी व्यवस्था केली.

खर्च कोणाचा, लाभ कोणाला?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या योजनेइतका स्वस्त सार्वजनिक उपक्रम क्वचितच आढळेल. अर्जदार परवान्यासाठी अर्ज करणारच असतो. त्या अर्जात आणखी एक रकाना वाढविण्याचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य आहे. मग लोक आपण होऊन अशी तजवीज का करीत नाहीत? याचे कारण असे, की अपघात दुसऱ्याला होतो अशी प्रत्येकाची समजूत असते. शिवाय या माहितीचा लाभ ती देणाऱ्याला फारसा होत नाही. तो घरी वाट पाहत बसलेल्या आईवडिलांना, पत्नीला, मुलांना होतो. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा असला की केवळ व्यक्तीच्या पुढाकारावर विसंबून चालत नाही. प्रत्येक वाहनचालकाला एकदा तरी ज्या खिडकीशी जावे लागते, त्या खिडकीशी हा प्रश्न विचारणे हाच कमी खर्चाचा मार्ग ठरतो.

आपल्याकडेही हे तत्त्व मान्य झालेले आहे. २०१९ मध्ये देशभरासाठी परवान्याचा जो एकसारखा नमुना ठरविण्यात आला, त्यात रक्तगट, अवयवदानाची इच्छा यांच्याबरोबर तातडीच्या संपर्क-क्रमांकालाही जागा आहे. तेव्हा क्रमांक घ्यावा की घेऊ नये हा वाद आता उरलेला नाही. तो कसा घ्यावा, कोठे ठेवावा आणि कोणाला दाखवावा, हा खरा प्रश्न आहे. आणि नेमका त्याचाच विचार आपल्याकडे पुरेसा झालेला नाही.

शिळी होणारी माहिती

यंत्राची जशी झीज होते तशी माहितीचीही होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत परवाना काढणाऱ्याला तो वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतो. म्हणजे अठराव्या वर्षी वडिलांचा क्रमांक लिहिणाऱ्या तरुणाच्या परवान्यावर तोच क्रमांक बावीस वर्षे राहू शकतो. या अवधीत वडील कदाचित हयात नसतील, तरुणाचे लग्न झालेले असेल, आणि तो क्रमांक दूरध्वनी कंपनीने भलत्याच माणसाला देऊन टाकलेला असेल. मृत्यूचा निरोप परक्याच्या घरी जाणे हे निरोप न जाण्यापेक्षा बरे म्हणता येणार नाही.

दुसरा दोष छापण्यातच आहे. आपल्याकडे परवाना हा केवळ वाहन चालविण्याचा दाखला नसतो, तो ओळखपत्र म्हणून सर्वत्र फिरतो. लॉजवर उतरताना, दूरध्वनीची जोडणी घेताना, भाड्याने खोली घेताना त्याची झेरॉक्स प्रत दिली जाते. त्या प्रतीबरोबर आईचा किंवा पत्नीचा क्रमांकही अनोळखी हातांत जातो. ‘तुमच्या मुलाला अपघात झाला आहे, ताबडतोब पैसे पाठवा’ असे सांगून लुबाडणाऱ्यांचे दूरध्वनी ज्या काळात घरोघर येतात, त्या काळात चालकाचे नाव आणि त्याच्या आईचा क्रमांक एकाच कागदावर देणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देण्यासारखे आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की क्रमांक छापलेला असला तर रस्त्यावरचा कोणीही माणूस घरी कळवू शकतो. आक्षेप बिनतोड वाटला तरी तसा नाही. प्रथम मदतीला धावणाऱ्याचे काम ११२ किंवा १०८ क्रमांक फिरविण्याचे आहे. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वार्ता गर्दीतून, गोंधळलेल्या आवाजात कळावी, की कोणत्या रुग्णालयात यावे हे सांगू शकणाऱ्या जबाबदार व्यक्तीकडून कळावी, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःच्या घराचा विचार करून द्यावे.

विश्वस्त की विक्रेता?

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा विश्वासाचा आहे. येथे नागरिक स्वतःची नव्हे, तर दुसऱ्याची माहिती शासनाला देत असतो. ज्या आईचा क्रमांक लिहिला जातो तिने कोठेही सही केलेली नसते. अशा माहितीचे शासन विश्वस्त असू शकते, मालक नव्हे. परंतु जुलै २०१९ मध्ये राज्यसभेतील उत्तरात केंद्र शासनाने सांगितले, की ‘वाहन’ आणि ‘सारथी’ या वाहन व परवान्यांच्या नोंदकोशांतील माहिती ८७ खाजगी व ३२ शासकीय संस्थांना उपलब्ध करून देण्यात आली असून त्यातून ६५ कोटी रुपये मिळाले आहेत. ही माहिती घाऊक प्रमाणात देण्याचे धोरण पुढे जून २०२० मध्ये मागे घेण्यात आले, हे योग्यच झाले. पण प्रश्न तेव्हा कोणता रकाना दिला गेला हा नाही. एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामासाठी विकता येते, ही कल्पनाच शासनाला सुचली, हा आहे.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात एका माथेफिरूने खाजगी गुप्तहेराकरवी परवाना-विभागातून एका तरुण अभिनेत्रीचा पत्ता मिळविला आणि तिच्या दारात तिचा खून केला. त्यानंतर १९९४ मध्ये तेथील संसदेने वाहनचालकांच्या माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणाचा अधिकार मूलभूत मानला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. तथापि त्या कायद्यात शासकीय यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे. त्यामुळे मोटार वाहन नियमांतच याविषयी स्पष्ट बंधन घालणे आवश्यक आहे.

ते बंधन कसे असावे? क्रमांक परवान्यावर छापण्याऐवजी नोंदकोशात असावा. तो ऐच्छिक असावा, आणि घरबसल्या व विनाशुल्क बदलता यावा. दंड भरताना, विमा घेताना किंवा पत्ता बदलताना तो बरोबर आहे काय, हे विचारले जावे. अपघातप्रसंगी पोलिसांनाच तो उघडता यावा आणि कोणी, केव्हा, कशासाठी उघडला याची नोंद राहावी. ज्याचा क्रमांक आहे त्याला ते कळविले जावे आणि नकार देण्याची मुभा असावी. अन्य कोणत्याही कारणासाठी, महसुलासाठी तर नाहीच नाही, त्याचा वापर हा गुन्हा ठरावा.

या योजनेच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. २०२२ मध्ये मेलेल्यांपैकी ३२,८२५ जण पादचारी होते. पायी चालणाऱ्याला परवाना लागत नाही. तसेच नातेवाईक येईपर्यंत उपचार थांबवावेत, असा अर्थ कोणी काढू नये. जखमीला प्रथम उपचार, कायदेशीर सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावले आहे. आप्तांचा क्रमांक त्यांना बोलावण्यासाठी आहे, जखमीला ताटकळत ठेवण्यासाठी नाही.

माझ्या त्या विद्यार्थ्याचे वडील संध्याकाळी रुग्णालयात पोहोचले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला : ‘सकाळीच का नाही कळवलं?’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. शासनाजवळ ते असू शकते. त्यासाठी फार पैसा लागणार नाही. लागेल ती फक्त विश्वासाने दिलेली गोष्ट विश्वासाने सांभाळण्याची शिस्त.